बंदूक एका हातांत

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, सिंदखेडराजाच्या मुलखांत, साखरखेर्डें नांवाचें गांव आहे. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत या गांवाजवळ निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांचीं सैन्यें एकमेकांस भिडलीं. मुबारिजखान रणांत पडला, दक्षिणेंत निजामाच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला, आणि विजयाची खूण म्हणून गांवाला फत्तेखेर्डें असें नवें नांव देण्यांत आलें. लोकांनीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. गांव साखरखेर्डेंच राहिलें.

त्या लढाईचें राजकारण इतिहासकारांनीं पुष्कळ सांगितलें आहे. येथें विचार करावयाचा आहे तो त्या काळच्या फौजांतील दारूच्या हत्यारांचा, आणि तोही त्यांच्या नांवांच्या अनुरोधानें. अबुल फजलानें ‘ऐने अकबरी’ या ग्रंथांत अकबराच्या तोफखान्याचें वर्णन करतांना दोन नांवें दिलीं आहेत. एक हत्ती वाहून नेऊं शकेल ती गजनाळ, आणि एक माणूस वाहून नेऊं शकेल ती नरनाळ. उंटाच्या पाठीवर बसविलेली ती सुतरनाळ. अठराव्या शतकांतील दख्खनी फौजांत असलीं हत्यारें नेहमींचीं होतीं. हत्यार केवढें हें त्याच्या गोळ्यावरून न सांगतां त्याला पेलणाऱ्या प्राण्यावरून सांगावें, यांत मोठें व्यवहारज्ञान होतें. बार उडाला कीं गोळी पुढें जाते, पण तिला पुढें लोटणारा रेटा मागेंही येतोच. तो कोणाच्या तरी अंगावर घ्यावा लागतो. हत्तीची पाठ, उंटाचें खोगीर, शिपायाचा खांदा, अशा या उतरत्या पायऱ्या होत.

खांद्याच्याही खालीं एक पायरी आहे, ती हाताची. पिस्तूल म्हणजे खांद्याचा आधार नसलेली, एका हातानें झाडावयाची बंदूक. तिच्यांत बेताची दारू घालावी आणि जवळच्या जवळ तिचा उपयोग करावा, हा साधा हिशेब. पण गेलीं दीडशें वर्षें कारागिरांना आणि हौशी लोकांना एक मोह सुटलेला नाहीं. रायफलीसाठीं केलेलें काडतूस पिस्तुलांत घालावयाचें, खांद्याचें काम मनगटाकडून करवून घ्यावयाचें, असा तो मोह आहे. त्याची हकीकत यंत्रकारांची जितकी आहे तितकीच ती खेळणाऱ्यांची आहे. कारण असलीं पिस्तुलें लढाईपेक्षां शिकारींत आणि निशाणबाजींतच अधिक रमलीं.

इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाडप्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि पुढें अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, थंड हवेच्या ठिकाणीं, बुलढाणें हें जिल्ह्याचें ठाणें झालें. ‘भिल्लठाणा’ या शब्दावरून तें नांव पडलें असें सांगतात. या जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यांत दोनच भाग असतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगांवराजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगांव हे पूर्णेच्या काळ्या मातीचे तालुके घाटाखालीं. मधल्या उतारावर बोथ्याचें जंगल, आणि अगदीं उत्तरेस जळगांव-जामोद व संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याची भिंत. या दोन्ही रानांत बिबळ्या, अस्वल, रानडुक्कर आणि वाघ यांची वस्ती होती. गोऱ्या अंमलदारांच्या सुट्ट्या कोठें जात असतील हें वेगळें सांगावयास नको. सातपुड्यांतील शिकारीवर ‘मध्य हिंदुस्थानचे डोंगराळ प्रदेश’ या विषयाचें प्रसिद्ध पुस्तक लिहिणारा कॅप्टन फॉर्सिथ हा नुसता शिकारी नव्हता. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरही त्यानें स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्या पिढीच्या साहेबांना जंगल आणि बंदुकीचें यंत्रशास्त्र हे एकाच छंदाचे दोन भाग वाटत.

त्या छंदांतूनच ‘हौदा-पिस्तूल’ जन्मास आलें. हत्तीवर हौद्यांत बसून वाघ मारावयाचा, तर जखमी वाघ हत्तीच्या खांद्यावर चढून येण्याचें भय असे. अशा वेळीं लांब नळीची रायफल फिरवावयास जागा नसते. म्हणून प्रथम कांहीं शिकाऱ्यांनीं जुन्या रायफली कापून त्यांचीं तोकडीं हत्यारें करून घेतलीं, आणि मग लंडनच्या बंदूकवाल्यांनीं तीं मुद्दाम घडविण्यास आरंभ केला. इंग्रजी पायदळानें इ. स. १८६६ मध्यें स्नायडर रायफल घेतली. तिचें काडतूस .५७७ इंच व्यासाचें, आणि गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅम वजनाची. हेंच काडतूस दोन नळ्यांच्या पिस्तुलांत बसविण्यांत आलें. चार्ल्स लँकेस्टरच्या पेढीनें पुढें चार नळ्यांचें पिस्तूल केलें. एकामागून एक चार बार, आणि मध्यें पुन्हा भरण्याची यातायात नाहीं. मात्र प्रत्येक वेळीं चाप ओढतांना आंतील फिरतें यंत्रही बोटाच्याच जोरानें फिरवावें लागे. त्यामुळें चाप जड, आणि चाप जड म्हणून नेम डळमळीत. पण वाघ दोन हातांवर आला असतां नेमाची फारशी चिकित्सा कोण करतो?

हौद्याची पद्धत मुख्यतः तराईच्या उंच गवताची आणि संस्थानिकांच्या थाटाची. वऱ्हाडच्या खडकाळ नाल्यांत बहुधा मचाण बांधीत आणि हाका घालीत. तरीही जखमी जनावराच्या मागावर करवंदीच्या जाळींत शिरणाऱ्यास असलें आंखूड, दणकट हत्यार जवळ असणें सोयीचेंच होतें. त्यांतील दोष सर्वांना ठाऊक होते. काळ्या दारूचा धूर डोळ्यांसमोर दाटे, नळी आंखूड असल्यानें गोळीचा वेग कमी पडे, आणि धक्का असा बसे कीं दुसरा बार योग्य दिशेनें जाईल याची खात्री नसे. नरनाळेचें ओझें अर्ध्या नरावर टाकल्याचा हा दंड होता.

याच रानाच्या कडेला दुसरें एक माणूस रात्रभर जागत असे. ज्वारीच्या शेतांत माळा उभारून, हातांत गोफण घेऊन, डुकरें आणि रोही हांकणारा तो कुणबी. इ. स. १८७८ मध्यें लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदुकीसाठीं परवाना लागूं लागला, आणि युरोपियनांस नियमांनीं सूट मिळाली. ती उघड वर्णभेदाची सूट पहिल्या महायुद्धानंतर काढण्यांत आली. म्हणजे चाळीस वर्षें अशी स्थिति होती कीं, ज्याच्या पिकाची नासाडी होई त्याच्या हातीं गोफण, आणि ज्याला सुट्टी घालवावयाची असे त्याच्या कमरेला चार नळ्यांचें पिस्तूल. शिकारी पुस्तकांतून हा कुणबी भेटतो तो बहुधा वाघाची खबर आणणारा म्हणून, नाहीं तर हाकेकरी म्हणून. त्याच्या बाजूनें ती हकीकत कोणी लिहिली नाहीं.

एकोणिसावें शतक संपतां संपतां पिस्तुलाच्या रचनेंत मोठी क्रांति झाली. आजवर जो धक्का उपद्रव म्हणून सोसला जात होता त्यालाच कामाला लावण्याची युक्ति निघाली. बार उडाल्यावर मागें येणाऱ्या रेट्यानें पिस्तुलाचा सरकता भाग मागें जातो, रिकामें काडतूस बाहेर फेंकतो, घोडा चढवितो, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना पेटींतील नवें काडतूस नळींत सारतो. माणसानें फक्त चाप ओढावयाचा. एका ओढीस एक बार. म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरला कीं गोळ्यांची सरबत्तीच सुटते, तें पूर्ण स्वयंचलित हत्यार वेगळें. येथें एक अडचण आहे. काडतूस दुबळें असेल तर सरकत्या भागाचें वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर नळीचें तोंड पुरेसें बंद राहतें. काडतूस जोरकस असेल तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तें तोंड कुलपानें बंद ठेवावें लागतें; नाहीं तर आंतील वाफ मागच्या बाजूनें फुटून चालविणाऱ्याच्याच तोंडावर यावयाची. रायफलीच्या ताकदीकडे जसजसें जावें तसतसें हें कुलूप गुंतागुंतीचें होत जातें.

इ. स. १८९६ च्या सुमारास जर्मनींतील माउझर कारखान्यानें काढलेलें पिस्तूल या कुलुपाचें होतें. ७.६३ मिलिमीटरची गोळी, बाटलीच्या गळ्यासारखें निमुळतें काडतूस, सेकंदाला सुमारें १४०० फूट वेग, आणि चापाच्या पुढें दहा काडतुसांची पेटी. दिसावयास तें लहान रायफलीसारखेंच. त्याचें लांकडी म्यान मुठीला मागून जोडलें कीं खांद्यास लावावयाचा दस्ता होई, आणि त्याच्या कांट्यावर १००० मीटरपर्यंतचे आंकडे कोरलेले असत. एवढ्या अंतरावर त्यानें कोणी कांहीं मारलें असेल हें संभवत नाहीं. ते आंकडे खरेदीदाराच्या हौसेसाठीं. परंतु त्या म्यानांत एक कबुली दडलेली होती: पिस्तुलाला रायफलीचें काम सांगावयाचें तर अखेर खांदा हवाच.

या पिस्तुलाच्या एका प्रसिद्ध मालकाचा संबंध मुंबईशीं आहे. इ. स. १८९६ मध्यें तरुण विन्स्टन चर्चिल पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आला. ससून डॉकच्या पायऱ्यांशीं होडी लागली असतां त्यानें भिंतींतील लोखंडी कडें धरलें, तोंच लाटेबरोबर होडी खालीं गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तें दुखणें त्याला जन्मभर पुरलें. दोन वर्षांनीं सुदानांत ओम्दुर्मानच्या लढाईंत घोडदळाच्या चढाईच्या वेळीं, खांद्याच्या भयानें त्यानें तरवार न उपसतां माउझर पिस्तूल हातीं घेतलें, आणि त्यामुळेंच जीव वाचला असें त्यानें स्वतःच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. साम्राज्याच्या इतिहासावर ससून डॉकच्या त्या कड्याचा केवढा उपकार कीं अपकार झाला, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

मराठी माणसाच्या स्मरणांत मात्र अर्धस्वयंचलित पिस्तूल येतें तें ब्राऊनिंगच्या नांवानें. जॉन ब्राऊनिंग हा अमेरिकन यंत्रकार, त्याचें इ. स. १९०० चें पिस्तूल बेल्जममध्यें तयार होई. काडतूस लहान, ७.६५ मिलिमीटरचें, म्हणून कुलपाची भानगड नाहीं. चपटें, खिशांत मावणारें. असलीं वीस पिस्तुलें विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या सामानांतून हिंदुस्थानांत धाडलीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यास ब्राऊनिंगनें गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. पुढें १९१४ सालीं कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालांतून ५० माउझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें क्रांतिकारकांनीं लांबविलीं. ज्या देशांत शासक पिस्तुलानें खेळत होते, त्याच देशांत शासितांच्या हातीं तें आलें कीं त्याचा शेवट न्यायालयांत होई. पिस्तूल हा शब्द आपल्याकडे अजून सहज उच्चारला जात नाहीं, त्याचें मूळ निदान अंशतः तरी येथें असावें.

त्याच ब्राऊनिंगनें पुढें जें केलें तें मात्र निव्वळ खेळासाठीं. इ. स. १८८७ पासून अमेरिकेंत .२२ इंचाचें एक बारीक काडतूस निघत होतें. त्याचें नांवच ‘लाँग रायफल’. अंगणांत डबे पाडावयाच्या, ससे मारावयाच्या हलक्या रायफलीसाठीं तें केलेलें. गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे स्नायडरच्या गोळीचा बारावा हिस्सा. ब्राऊनिंगच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीनें इ. स. १९१५ मध्यें हें काडतूस खाणारें अर्धस्वयंचलित निशाणबाजीचें पिस्तूल काढलें. पुढें तें ‘वुड्समन’ या नांवानें ख्यात झालें. नळी लांब, धक्का नाममात्र, काडतूस स्वस्त. कित्येक वर्षें चाललेला प्रश्न एका अर्थीं येथें सुटला, पण तो उलट बाजूनें. पिस्तुलाला रायफलीएवढें दांडगें न करतां, रायफलींतलेंच काडतूस हाताला पेलेल असें निवडलें.

सर्वांना हा तोडगा रुचला नाहीं. अमेरिकेंत इ. स. १९६३ मध्यें रेमिंग्टन कंपनीनें बोल्ट ओढून भरावयाचें, .२२१ इंचाच्या वेगवान काडतुसाचें एक लांबलचक पिस्तूल काढलें. तें दूरचीं लहान जनावरें टिपणाऱ्या हौशी लोकांसाठीं होतें. पुढें पत्र्याच्या कापलेल्या आकृति दूर उभ्या करून त्या पाडण्याचा मेक्सिकन खेळ तेथें लोकप्रिय झाला, आणि एक-बारी जोरकस पिस्तुलांना गिऱ्हाईक मिळालें. त्यानंतर सैनिकी धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफलीच नळी तोडून आणि दस्ता काढून पिस्तूल म्हणून विकल्या जाऊं लागल्या. यांत यंत्रशास्त्रापेक्षां कायद्याचा भाग मोठा आहे. तेथील इ. स. १९३४ च्या कायद्यानें आंखूड नळीच्या रायफलीस नोंदणी आणि कर लावले. आज ती मर्यादा १६ इंचांची आहे. खांद्यास लावावयाचा दस्ताच नसेल तर तें हत्यार रायफल ठरत नाहीं. पुढें मनगटास बांधावयाचा एक पट्टा निघाला. तो मूळ अपंग सैनिकासाठीं केलेला, पण धडधाकट लोक तोच खांद्याला टेकवूं लागले. त्यावर सरकारनें २०२३ सालीं नियम केला, आणि २०२४ सालीं न्यायालयानें तो रद्द ठरविला. माउझरच्या लांकडी म्यानाची कबुलीच पुन्हा एकदां, या वेळीं वकिलांच्या भाषेंत, देण्यांत आली.

या हत्यारांचा गुणदोष सांगणें सोपें आहे. त्यांतील नेहमींच्या .२२३ काडतुसाची गोळी २० इंची नळींतून सेकंदाला सुमारें ३२०० फूट वेगानें सुटते. सात-आठ इंचांच्या नळींतून तोच वेग अडीच हजारांच्या आसपास उतरतो. न जळलेली दारू नळीच्या तोंडाबाहेर पेटते. डोळे दिपविणारी ज्वाला आणि कान बधिर करणारा आवाज, हाच पुष्कळशा हौशी लोकांचा आनंद असावा. कारण नेमबाजीच्या दृष्टीनें रायफलीची अचूकता यांत नाहीं, आणि पिस्तुलाची सुटसुटीतताही नाहीं.

हिंदुस्थानांत हा बाजार उभा राहिला नाहीं. इ. स. १८७८ च्या जागीं १९५९ चा हत्यारांचा कायदा आला. लष्करी जातीचीं हत्यारें आणि काडतुसें त्यानें निषिद्ध वर्गांत ठेविलीं, आणि साधा परवानाही सहज मिळेनासा राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाच्या शिकारीचा छंद संपला. बोथ्याच्या रानाचें १९९७ सालीं ज्ञानगंगा अभयारण्य झालें. यवतमाळकडील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यांत रेडिओचा पट्टा घेऊन, महिनोन्महिने शेतांतून आणि रस्त्यांवरून चालत २०१९ च्या डिसेंबरांत या अभयारण्यांत येऊन राहिला. त्याची सारी वाटचाल मोजली तर ती ३००० किलोमीटरांच्या घरांत भरते. त्याच्यावर बंदूक चालली ती एकच, भुलीची सुई फेंकणारी. कुणबी मात्र अजून रात्रीं जागतो. गोफणीच्या जोडीला फटाके आले, एवढाच फरक.

मग पिस्तुलाचा खेळ म्हणून उरला तो निशाणाचा, आणि त्यांत महाराष्ट्राचें नांव झालें तें त्याच .२२ ‘लाँग रायफल’ काडतुसावर. स्त्रियांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेंत हेंच काडतूस आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल असतें. नियम मोठे कडक आहेत. हत्यार १४०० ग्रॅमांहून जड नको, नळी १५३ मिलिमीटरांहून लांब नको, चाप निदान १००० ग्रॅमांचा ताण सोसणारा हवा. उभें राहून, कसल्याही आधाराशिवाय, एकाच हातानें बार टाकावयाचा; मनगटाला बांधलेलें कांहींही चालत नाहीं. साठ बारांपैकीं पहिले तीस सावकाशीचे. उरलेल्या तिसांत निशाण फक्त तीन सेकंद समोर राहतें आणि सात सेकंद लपतें. त्या तीन सेकंदांत खालीं धरलेला हात उचलून एक गोळी झाडावयाची, आणि हात पुन्हा खालीं न्यावयाचा.

कोल्हापूरची राही सरनोबत या प्रकारांत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला पात्र ठरली, आणि २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें तिनें विश्वचषक स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. पुढें कोपराच्या दुखापतीनें तिचा हाताचा खेळ बराच काळ मागें पडला. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं आशियाई क्रीडास्पर्धांत, इंडोनेशियांतील पालेंबांग येथें, अंतिम फेरींत ती आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून ३४-३४ अशा बरोबरींत राहिल्या. बरोबरी फोडण्यासाठीं पांच-पांच बारांची फेरी झाली. दोघींचे चार-चार लागले. पुन्हा पांच-पांच बार. थायी मुलीचे दोन लागले, राहीचे तीन.